ओटीतला चेंडू

“ओटी निघताना भरतात गं. तू कुठं निघालीस?” शकीलादीदी मला म्हणाली होती आणि मी ते हसण्यावारी नेलं. त्या दिवसापासून मी पोटाशी धरलेला चेंडू परत मैदानात जात नाही. तो माझ्याबरोबर घरी येतो आणि घरातच राहतो.

मी रणजिता. कोल्हापुरात पाणंद तालमीच्या मुलींच्या संघात गोलकीपर आहे. तालीम म्हणजे कुस्ती असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या तालमीच्या हौद्यात, जिथं लाल मातीत कुस्ती व्हायची तिथं, आता मोटारसायकली लावतात आणि पेठ जगते ती फुटबॉलवर. म्हणजे पोरांच्या फुटबॉलवर. मुलींचा संघ आहे हे पेठेला महिला दिनाच्या आसपास आठवतं. शकीलादीदी माझ्याआधी त्याच गोलमध्ये उभी राहायची, आता आम्हाला शिकवते.

माझी मुलगी मनवा झाल्यावर मी पहिल्यांदा मैदानावर गेले तो नेमका महिला दिन होता. सराव नव्हता, सत्कार होता. मांडव गोलपुढंच घातलेला, कारण सावली तिथं येते. तालमीचे अध्यक्ष आप्पा माइकवर म्हणाले की आपली लेक आई होऊन परत आली, तिची ओटी भरल्याशिवाय कार्यक्रम पुरा होणार नाही. मग त्यांना कल्पना सुचली. नारळाऐवजी फुटबॉल. टाळ्या पडल्या. मला पदर नव्हता, म्हणून मी जर्सीचं टोक दोन्ही हातांनी पुढं धरलं आणि वहिनीसाहेबांनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, त्यात तांदूळ, खण, हळकुंड आणि चेंडू घातला. मी गोलच्या रेषेवर उभी होते. शकीलादीदी मागून जे म्हणाली ते वर लिहिलंय. मी म्हटलं, “तांदूळच आहेत दीदी, काय होतंय.”

ओटीत आलेलं परत द्यायचं नसतं, घरी न्यायचं असतं, एवढं मला माहीत होतं. एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. चेंडूलाही ते माहीत असेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्याच सामन्यात कळलं. डावीकडून उंच चेंडू आला. मी झेप घेतली, छातीशी आणला, पोटाशी दाबला. बाळंतपणानंतर इतकी स्वच्छ झेप जमेल असं माझं मलाच वाटलं नव्हतं. मग फेकायला हात वर केले, तर हात रिकामे. चेंडू पोटाशी तसाच. ओढला, निघेना. चिकटला नव्हता. झोपलेलं मूल खाली ठेवायला गेलं की झोपेतच घट्ट होतं, तसा झाला होता. पंचांनी शिट्टी मारली, चेंडू जास्त वेळ धरला म्हणून. दुसरा चेंडू आणला. समोरच्या मुलीनं जोरात मारला, मी तोही घेतला. पुन्हा शिट्टी. असं होत होत मैदानावर चेंडूच उरला नाही आणि मी सात महिन्यांची पोटुशी असल्यासारखी दोन्ही हात पोटाखाली धरून उभी. एकही गोल न खाता आम्ही हरलो. पंच म्हणाले, चेंडू संपवणाऱ्या संघाला हरवायचं असा नियम आहे. मी नियम दाखवा म्हटलं. ते म्हणाले, ताई, तुम्ही आधी बसून घ्या.

घरी आले, उंबरा ओलांडला आणि चेंडू आपणहून सुटले. एक कॉटखाली गेला, एक देव्हाऱ्यापुढं जाऊन थांबला.

मी बीएस्सी झालेय, फिजिक्स घेऊन. त्यामुळं घरातल्या सगळ्यांनी मलाच विचारलं, हे कसं काय. मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीतले दोघे पोतं घेऊन चेंडू न्यायला आले. त्यांनी ते मोजून पोत्यात भरले, तोंड सुतळीनं बांधलं, खांद्यावर घेतलं आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला. पोतं रिकामं. चेंडू आत, होते तिथं. त्यांनी पुन्हा भरले. तिसऱ्या वेळी त्यातला एकजण उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, “वहिनी, जरा पाणी द्या.” पाणी पिऊन दोघं गेले. पोतं अजून आमच्याकडंच आहे.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. त्यांनी चेंडूंना हळदीकुंकू लावलं. “बरंच आहे की,” म्हणाल्या. “घरातलं घरात राहतंय. बाहेर जाऊन कुणाचं भलं झालंय?”

तालमीनं मुलींच्या संघाला चेंडू देणं बंद केलं. आप्पांना भेटायला गेले तर ते म्हणाले, पोरांची लीग तोंडावर आहे, तुमचं तुम्ही बघा. मग त्यांच्या लक्षात आलं की आमच्या सत्कारांचे नारळ तालमीच्या माळ्यावर पडून आहेत. आम्ही ते घेऊन सराव केला. नारळ सरळ जात नाही, मधेच शेंडीकडं वळतो. मी ते सगळे घेतले आणि सगळे घरी आले. आत्तीनी महिनाभर नारळाच्या वड्या केल्या. वड्याही घराबाहेर जाईनात. शेजारी द्यायला नेलेली वाटी उंबऱ्यापलीकडं गेली की रिकामी व्हायची, त्यामुळं आपल्याला मुद्दाम रिकामी वाटी दिली असं शेजारच्या काकूंना वाटलं. त्या अजून बोलत नाहीत.

तालमीच्या भिंतीवर याच काळात माझा फोटो लागला. त्याखाली लिहिलं होतं, माजी गोलकीपर. मी आप्पांना म्हटलं, मी अजून खेळते. मी जर्सीवरच होते, गुडघ्याला माती होती. त्यांनी फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“ते छापून झालंय,” म्हणाले.

मी शकीलादीदीला विचारलं, तुझ्या वेळी असं का झालं नाही. ती मैदानाच्या कडेला बसून मोज्यातली कुसळं काढत होती. “माझी ओटी भरायची कुणाच्या मनातच आलं नाही,” म्हणाली. “म्हणून तर मी केस पिकेपर्यंत खेळलो.” आमच्याकडं बायका बोलताना खेळलो, आलो, गेलो असंच म्हणतात. ती हसली नाही, म्हणून मीही हसले नाही.

इथवर मी नुसती चिडलेली होते. घाबरले त्या पिल्लामुळं.

सरावाला एकदा फाटकातून कुत्र्याचं पिल्लू भेदरून आत आलं आणि सरळ गोलकडं पळत सुटलं. मी खाली झाले आणि घेतलं. गोलकीपरचे हात विचार करत नाहीत, तेच तर इतकी वर्षं शिकवलेलं असतं. पिल्लू पोटाशी बसून घरी आलं. आत्तीनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं. त्याला दूधभाकरी आहे, पोतं अंथरायला आहे. ते वाढतंही आहे. पण सकाळी दार उघडलं की ते उंबऱ्याशी येऊन बसतं आणि रस्त्याकडं बघतं. कुणी गेलं की भुंकतं. आतून आम्हाला ऐकू येतं. एकदा मी बाजारातून येताना बाहेरून बघितलं. ते तोंड उघडत होतं, मिटत होतं, अंग थरथरत होतं आणि आवाज नव्हता. भुंकणं उंबऱ्यापर्यंत येऊन थांबत होतं. मी पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले आणि मला मनवा आठवली.

मनवाला मी घरात हवं तितकं घेते. घरात ती आधीच घरी आहे, तिथं काही बिघडत नाही. पण उंबऱ्याबाहेर मी तिला हातात घेतलेलं नाही. हे गोलमध्येच होतं की कुठंही, ते मला तिच्यावर ताडून बघायचं नाही. बाहेर मी तिला पोटाशी धरलं तर ती ओटीतून घरी येईल आणि मग कधीच बाहेर पडणार नाही. तिच्या हाका उंबऱ्यावर थांबतील. हे मी माझ्या नवऱ्याला, विश्वजितला, नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तेव्हापासून बाहेर तेच तिला घेतात. एमआयडीसीतनं आले की थकलेले असतात, तरी घेतात. एवढं त्यांच्याबद्दल म्हटलं पाहिजे.

लोक काय म्हणतात ते मला ऐकू येतं. चेंडूला मिठ्या मारते आणि पोटच्या पोरीला हात लावत नाही. दवाखान्यात लस टोचली तेव्हा मनवा माझ्याकडं हात करून रडत होती, आणि मी हात पाठीमागं बांधून भिंतीला टेकले होते. नर्सबाई म्हणाल्या, “हिची आई कोण?” मी म्हटलं, मी. त्यांनी पुन्हा विचारलं.

आणि हे मला कुणी केलं? सुई धरणाऱ्या नर्सबाईंनी नाही. मी एक जर्सी घालून उभी होते, माझं काम करायला. कुणालातरी फोटोत नारळापेक्षा चेंडू बरा दिसला. त्या फोटोसाठी मी माझ्या पोरीला दवाखान्यात रडू देते.

खरं सांगायचं तर मोहही होतो. मी गॅसचं बटण झोपायच्या आधी जाऊन जाऊन बघणारी बाई आहे. मनवा झोपली की तिच्या नाकापुढं बोट धरते. शाळेची रिक्षा, गटाराची उघडी झाकणं, पुढचं सगळं माझ्या डोळ्यांपुढून जातं, आणि ही तर अजून वर्षाची आहे. आत्तीना माझं हे माहीत आहे. एकदा भाकरी थापता थापता त्यांनी ते बोलून दाखवलं.

“एकदा मैदानावर घे की तिला ओटीत. जन्माची काळजी मिटंल. कुठं जायची नाही, कुठं पडायची नाही.”

“आणि शाळा?”

“तू शिकव की. एवढी बीएस्सी झालीयास.”

“आणि खेळायला, आत्ती?”

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “घरात चेंडू काय कमी आहेत?”

त्यांनी ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. त्यांच्या आवाजात माया होती, आणि मी भाकरी फुगेपर्यंत तव्याकडं बघत राहिले. तेवढा वेळ मी विचार केला होता, हे मला नाकारता येत नाही.

मी खेळायची पद्धत बदलली. चेंडू पकडणंच सोडलं. मुठीनं बाहेर मारायचा, पायानं लोटायचा, बोटांच्या टोकांनी आडव्या दांड्यावरून काढायचा, पोटाशी काही येऊ द्यायचं नाही. शकीलादीदीनं मला त्यासाठी भिंतीपुढं उभं करून उसना चेंडू माझ्यावर इतका मारला, की माझ्या मुठीच्या गाठी पोरांसारख्या झाल्या. जमलं. दुसऱ्या तालमींच्या मुली चेंडू घेऊन यायच्या, मी त्यांचे चेंडू त्यांना परत मारायची. आमच्यावर गोल होईनासे झाले. राज्याच्या निवडीला जायचं तर तालमीनं नाव पुढं करावं लागतं. मला जायचं होतं. आप्पा म्हणाले, पोरगी चांगली आहे पण हात कच्चे आहेत, पकडत नाही. माझे हात कच्चे.

मग एक चेंडू असा आला की त्याला मूठही लागेना आणि पायही. हळू, अर्ध्या उंचीवर, सरळ पोटाकडं. घेतला की घरी. मी शेवटच्या क्षणाला अंग बाजूला घेतलं. चेंडू जाळीत गेला. जाळी फुगली आणि फुगतच गेली. ती मागच्या भिंतीला टेकायला हवी होती, टेकली नाही. मी वळून बघितलं तर जाळी बोगद्यासारखी लांब होत चालली होती आणि चेंडू तिच्यातून टप्पे घेत जात होता. टप्प्यांचा आवाज बराच वेळ आला. मग आला नाही. पंचांनी गोल दिला. नवा चेंडू मध्यावर ठेवला. जाळी पुन्हा तेवढीच झाली, भिंतीला टेकलेली. तो चेंडू कुठं गेला ते विचारायला कुणी गेलं नाही. आमच्या मुलींना वाटलं, मी थकले असेन.

म्हणजे माझ्याकडं आता दोन गोष्टी होत्या. जे धरलं ते घरात बंद. जे सोडलं ते गेलं, कुठं ते कळत नाही. मैदानावर तिसरं काही नव्हतं.

गेल्या आठवड्यात आप्पांचा निरोप आला की माझं नाव पुढं पाठवतो, फक्त तालमीच्या फाटकावर फ्लेक्स लावायचा आहे, त्यासाठी आई आणि लेक असा एक फोटो हवा. मी स्वतः जाऊन सांगितलं, मनवाला मी हातात घेणार नाही. शेजारी उभी करा, वडिलांकडं असू दे, आजीकडं असू दे. आप्पा म्हणाले, अगं तुला हवं तसं. वहिनीसाहेब म्हणाल्या, फ्रॉक पिवळा घाल, फ्लेक्सवर उठून दिसतो.

आज दुपारी आम्ही मैदानावर गेलो. विश्वजितनी रजा टाकली होती. आप्पा खुर्ची टाकून बसले होते. फोटोग्राफरनं मला गोलमध्ये उभं केलं, ग्लोव्हज घालायला लावले. आत्ती मनवाला कडेवर घेऊन पेनल्टीच्या ठिपक्यापाशी होत्या. दोन फोटो झाले. तिसऱ्याआधी फोटोग्राफर म्हणाला, “बाळ चालतंय ना? मग पळत येऊ दे आईकडं. आईनं झेलायचं. एक नंबर येईल.”

मी नाही म्हटलं. आप्पा म्हणाले, एक सेकंदाचं काम आहे. मी पुन्हा नाही म्हटलं आणि हे आधी ठरलं होतं म्हटलं. वहिनीसाहेब म्हणाल्या, जगातली कुठली आई लेकरू झेलायला नाही म्हणते? विश्वजित पुढं यायला लागले. पण आत्ती ठिपक्यावरच होत्या आणि त्या वाकल्या होत्या. त्यांनी मनवाचे पाय गवताला लावले. माझ्याकडं बघून मान हलवली, घे, अशी. आणि हात सोडले.

मनवा महिन्याभरापूर्वी चालायला लागली आहे. ती चालत नाही, पुढं पडत जाते आणि पडायच्या आत पाय येतो. ती दोन्ही हात वर करून माझ्याकडं निघाली. हसत होती. बाहेर मी कधी तिच्यापुढं अशी हात मोकळे ठेवून उभी राहिले नव्हते, तिला ती गंमत वाटली असणार. विश्वजित पळाले, पण ते लांब होते. ती सरळ पोटाच्या उंचीवर येत होती. माझे गुडघे आपोआप वाकले, ग्लोव्हज उघडले, कोपर आत आले. मला उंबऱ्याशी बसलेलं तिचं तोंड दिसलं, उघडणारं आणि मिटणारं.

मी अंग बाजूला घेतलं.

ती माझ्या कमरेजवळून गेली. फ्रॉक माझ्या ग्लोव्हजला घासला. रेषा ओलांडून ती जाळीत शिरली, आणि जाळी मागं सरली. मी वळले आणि तिच्या मागं धावले. माझ्या तोंडावर जाळी आदळली. माझ्यासाठी जाळी जिथं संपते तिथंच संपली होती, मागं भिंत आणि तिच्यावर पिचकाऱ्या. मी हातांनी ओढली, दातांनी ओढली. नायलॉन आहे, तुटत नाही. भोकांतून मला ती दिसत होती, लांब, आणखी लांब. पडायच्या आत पाय येत होता. एकदा तिनं मागं बघितलं. रडत नव्हती.

“आई बाजूला का सरकली?” फोटोग्राफर म्हणाला. “परत एकदा घेऊया.”

आप्पांनी घड्याळ बघितलं. आत्ती ठिपक्यावर तशाच वाकलेल्या होत्या, दोन्ही तळवे उघडे. विश्वजित भिंतीपलीकडं धावत गेले, तिथं नुसती गल्ली होती आणि एक सायकल.

मी अजून गोलमध्येच आहे. ग्लोव्हज काढून फोनवर लिहितेय, जो वाचेल त्याच्यासाठी. जाळी कुठंतरी संपत असणार. तुमच्या गावात मैदान असेल, शाळेचं असेल, माळावर दोन दगड मांडून केलेला गोल असेल, तरी कृपा करून त्याच्या मागं जाऊन या. आत्ता जा. पिवळा फ्रॉक आहे, केस अजून विरळ आहेत, नाव विचारलं तर ती ‘मना’ म्हणते. तिला कुत्र्यांची भीती वाटत नाही, म्हणून तेवढं बघा. पडली असेल तर उचलून घ्या, गुडघ्याची माती झाडा, पाणी पाजा. आणि मग तिला परत खाली ठेवा.